दहा हातांची चिंधी

पंप आधी खोकला, मग खाकरला आणि मग दमेकरी म्हाताऱ्यासारखा नुसतीच हवा फेकत बसला. विहिरीच्या पाण्याची पाळी दूधवाल्याची होती. त्याच्या गोठ्यात चौदा गाई, आणि चौदाही रिकाम्या हौदात तोंड घालून उभ्या. दूधवाल्यानं पंप बंद केला, मानेचा घाम पुसला आणि तडक उचापत्याच्या दारात येऊन उभा राहिला.

"काय घातलंस पाइपात?"

उचापत्या पायरीवर बसून चपलेचा अंगठा शिवत होता. "काही नाही. गुरुवारी माझी सुट्टी असते."

"बेडूक घातलास का?"

"बेडूक घालायचा तर तुझ्या दुधात घातला असता. पाणी तिथं जास्त."

दूधवाल्याला हसू आलं नाही. त्याला हसू न यायला कारणही होतं. दोन वर्षांपूर्वी उचापत्यानं त्याच्या हौदात कपड्यांची नीळ कालवली होती. सकाळी चौदा गाईंच्या चौदा निळ्या जिभा बघून दूधवाला अनवाणी धावत जाऊन जनावरांच्या डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टरनं एका गाईची जीभ हातात धरली, स्वतःच्या बोटांकडे बघितलं आणि बोटं पुसत निघून गेला. तेव्हापासून गल्लीत कुणाची कोंबडी शिंकली तरी लोक आधी उचापत्याकडे बघायचे.

आणि तरी विहिरीची दोरी त्याच्याच हातात होती. ती बापाकडून आलेली. नऊ घरांत मिळून एक विहीर, अरुंद आणि खोल, आतल्या भिंतीत लोखंडी पायऱ्या ठोकलेल्या. तिच्यात एक दोरी कायमची सोडलेली, तळाला टोकाशी लोखंडी वजन, आणि वजनापासून दहा हातांवर लाल चिंधी. शनिवारी भरदुपारी, ऊन तळापर्यंत पोचतं तेव्हा, दोरी वर ओढायची. चिंधी भिजलेली असली की पाणी दहा हात. चिंधीच्या खाली एक हात दोरी कोरडी राहिली की नऊ. बापानं नियम घालून दिलेला: आठ हातांच्या वर पाणी असलं तर सगळ्यांना पूर्ण पाळी. आठाच्या खाली गेलं तर अर्धी पाळी आणि नवी लागवड बंद. पाचाच्या खाली गेलं की पाळ्याच बंद, पंप फक्त प्यायच्या पाण्याला. नऊ घरं एवढ्यावर चालत आली होती. भांडणं झाली ती कुंपणावरून, कोंबड्यांवरून. पाण्यावरून नाही.

"मागच्या शनिवारी किती होतं?" दूधवाल्यानं विचारलं.

"नऊ. तू तिथंच होतास की."

"मग नऊ हात पाणी असताना पंप हवा कशी ओढतो?"

 उचापत्या चप्पल तशीच टाकून उठला.

पाइपाच्या टोकाला जी झडपेची जाळी असते तिला गल्लीत सगळे फुटबॉल म्हणत. फुटबॉलमध्ये कचरा अडकला असणार, एवढाच त्याचा हिशेब. शर्ट काढून तो पायऱ्या उतरायला लागला. वर दूधवाला कठड्यावर पोट टेकून वाकला, त्यामुळे निम्मा उजेड गेला.

"बाजूला हो. ग्रहण लागलंय."

याच विहिरीत तो आणि त्याची बहीण पोहायला शिकले होते. बाप दोघांना दोन बखोटांना धरून टाकायचा. तळाला पाय कधी लागला नव्हता. तळ असतो हे ऐकून माहीत होतं, जसं आपलं काळीज असतं हे ऐकून माहीत असतं. पाणी चार पायऱ्यांवर आल्यावर त्यानं नेहमीसारखी उडी टाकली, पाय सरळ ठेवून.

टाचा दगडावर आदळल्या.

कळ टाचांतून निघाली ती थेट दातांपर्यंत गेली. जीभ चावली गेली. क्षणभर त्याला वाटलं, कुणीतरी आपलीच चेष्टा केली, विहिरीत बाक ठेवला. तो पाय सरकवत सरकवत गोल फिरला. सगळीकडे तळच. पाणी हनुवटीला लागत होतं. फुटबॉल त्याच्या नाकासमोर निम्मा पाण्याबाहेर लोंबत होता, आणि त्यात कचरा काडीचाही नव्हता.

त्यानं भिंतीकडे बघितलं. लहानपणचे तीन झरे त्याला तोंडपाठ होते. खडकाच्या भेगा त्या, करंगळी जाईल एवढ्या. वरच्या दोन पार पांढऱ्या पडल्या होत्या, क्षार धरून. तिसरी त्याच्या कानाजवळ होती. त्यानं कान लावला. आत कुठंतरी एक थेंब सुटत होता, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा.

"सापडलं का काही?" वरून आवाज आला.

तोंडात रक्ताची चव होती. "सापडलं," तो म्हणाला. "चिंधी अडकली होती."

त्यानं पाइपाची दोरी सैल करून फुटबॉल तळाशी नेऊन टेकवला आणि वर आला. पंप सुरू झाला. पाणी धो धो आलं, गाईंनी माना घातल्या, दूधवाल्यानं त्याच्या ओल्या पाठीवर थाप मारली. "बघ, मनात आणलं तर माणसासारखं काम करतोस."

उचापत्या लंगडत घरी आला, पण एकटा आला नाही. विहिरीतली मोजायची दोरी पण घेऊन आला. घरामागं बसून त्यानं वजनापासून चिंधीपर्यंत कोपर लावून दोरी मोजली. एक, दोन, तीन, चार. आणि अर्धा.

पुन्हा मोजली. साडेचारच.

दहाचे साडेचार कसे झाले हे समजायला त्याला फार वेळ लागला नाही, आणि समजल्यावर मात्र फार वेळ हलता आलं नाही. दोरीचं तळाकडचं टोक चिखलात सडायचं. बापानं बजावलेलं: सडलं की कापायचं, वजन पुन्हा घट्ट बांधायचं, वजन निसटलं तर मोजणी गेली. बाप गेल्यापासून अकरा उन्हाळे उचापत्यानं हे काम एकदाही चुकवलं नव्हतं. दरवर्षी एक वीत कापायची, वजन बांधायचं. अकरा विती. साडेपाच हात. वर ओढताना चिंधी हातात आली की तो तिच्याखालची ओल बघायचा आणि आकडा ओरडून दोरी परत सोडायचा; खालची दोरी बघितलीच कुणी?

बाप दरवर्षी नवी चिंधी बांधायचा. उचापत्याला वाटायचं, जुनी विटली म्हणून. बाप ती वीतभर वर बांधत होता.

आयुष्यात एवढ्या गमती केल्या, पण नऊ घरांना अकरा वर्षं पुरेल अशी एकही जमली नव्हती. ही न करताच झाली.

"विहिरीत उतरला होतात ना?" बायको मागं उभी होती, हातात कणकेचं पीठ.

"हो."

"मग डोक्यावरचे केस कोरडे कसे?"

 तिनं दोरीकडे बघितलं, त्याच्या टाचांकडे बघितलं. ती बोलायची कमी आणि बघायची जास्त.

"पायऱ्या उघड्या पडतायत म्हणून मी दोन वर्षं सांगतेय," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, पायऱ्यांना काय कळतं."

"वरच्या अंगाला बोअर किती झाल्या माहितीये का? सतरा. एकच खडक, त्याच भेगा. आपल्या ताटातलं सतरा जण नळीनं ओढतायत."

"त्यांच्यावर ओरडून झालं की धाकटीला सांगा."

धाकटी म्हणजे त्याची बहीण. नवऱ्याचं घर सोडून तिसरं वर्ष. का सोडलं ते तिनं सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. बापानं तिच्या नावावर ठेवलेली दोन एकर जमीन होती, दगडाळ. दोन वर्षं ती दुसऱ्यांच्या शेतात राबली आणि या थंडीत लिंबाची दोनशे वीस रोपं घेऊन आली. रोपं घरामागं सावलीला ओळीनं ठेवली होती. या शनिवारी मोजणी आठाच्या वर आली की रविवारी लागवड.

"उद्या सांगतो," उचापत्या म्हणाला.

"आज का नाही?"

"आज जीभ चावलीये."

शुक्रवारी उन्हं चढायच्या आत तो तिच्या शेतावर गेला. धाकटी पहार मारत होती. पहार मुरुमात शिरायची नाही, उसळून परत यायची, आणि प्रत्येक वेळी तिच्या खांद्यापर्यंत हादरा जायचा. तळहातांना फडकी गुंडाळलेली, एकाखालून पाणी सुटलेला फोड दिसत होता. मागं खड्ड्यांच्या रांगा, दोरी लावून मारलेल्या.

"कितवा?"

"एकशे ब्याण्णव. दादा, पाय का ओढतोस?"

"काटा रुतला."

"दोन्ही पायांत?"

"जुळे होते."

ती हसली. घरात तिला हसवणारा तो एकटाच, त्याचा त्याला एरवी केवढा तोरा. त्यानं फावडं घेतलं आणि तिनं फोडलेला मुरूम उपसायला लागला. टाचा ठणकत होत्या. बरं वाटत होतं ठणकल्या की.

"लिंबाला फळ चौथ्या वर्षी," ती म्हणाली. "तोवर लोक विचारतील, मग थांबतील."

"काय विचारतील?"

"हेच. परत कधी जाणार. झाड लावलेल्या बाईला कुणी परत कधी जाणार विचारत नाही. झाड सोडून कुठं जाईल?"

त्यानं आणखी चार फावडी उपसली. मग म्हणाला, "समज, पाणी कमी निघालं."

"चिंधी काय म्हणते?"

"चिंधी? चिंधी म्हणते नऊ."

"मग झालं. बाबांची चिंधी आहे, तुझी थोडीच आहे." आणि तिनं पहार उचलली.

इथं सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलंसुद्धा त्यानं. पण निघालं ते असं: "त्या कोपऱ्यातला खड्डा वाकडा मारलायस. लिंबं वाकडी येतील." तिनं ढेकूळ फेकून मारलं. ते चुकवताना त्याची टाच दगडावर पडली आणि डोळ्यांतून पाणी आलं. निदान पाणी यायला कारण तरी मिळालं.

संध्याकाळपर्यंत तो तीनदा विहिरीवर जाऊन आला. दोरी त्यानं परत सोडली होती, तशीच, चिंधी न हलवता. कठड्यावर बसला, उठला. घरी आला, पाण्याचा हंडा उघडून बघितला, झाकला. जेवताना बहिणीनं पेला भरून अर्धाच प्यायला आणि उरलेलं अंगणात भिरकावलं, तेव्हा तो दचकला.

"काय झालं?" धाकटीनं विचारलं.

"काही नाही. पेल्यात मुंगी होती का?"

ती झोपायला गेल्यावर बायको भांडी घासता घासता म्हणाली, "नाही ना सांगितलं."

"नऊ म्हणालो तर कुणाला कळणार आहे?"

"कुणालाच नाही."

"मग?"

तिनं ताट उपडं घातलं. "उद्या सांगितलंत तर रोपं जातील. पुढच्या उन्हाळ्यात कळलं तर झाडं जातील. आणि तेव्हा नऊ घरांचे हंडे पण मोकळे असतील." मग थोड्या वेळानं, "माझी भांडी झाली. दिवा मालवा."

शनिवारी बाराला विहिरीवर नऊ घरची माणसं जमली. ऊन सरळ आत उतरत होतं. शिंपी डोक्यावर मापाची पट्टी गुंडाळून आला होता, दूधवाला बादलीसकट. धाकटी हात धुऊन, केस विंचरून आली होती. फडकी सोडून ठेवली होती तिनं. तळहात मिटून घेतले होते.

उचापत्यानं दोरी ओढली. चिंधी हातात आली. तिच्याखाली एक हात कोरडी, मग ओली. नऊ. अकरा वर्षं तोंडात बसलेला शब्द जिभेच्या चावलेल्या जागेवर येऊन थांबला.

"बोल की रे," दूधवाला म्हणाला. "गाई खोळंबल्यात."

"साडेतीन."

कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळेच हसले. शिंपी म्हणाला, "आज चेष्टेला दुसरं काही मिळालं नाही का?"

"साडेतीन हात. दोरी खालून कापत आलो, चिंधी वर सरकवली नाही. हे बघा." त्यानं उरलेली दोरी वजनासकट बाहेर ओढली, कठड्यावर पसरली आणि कोपरानं मोजून दाखवली.

दूधवाल्यानं दोरी हातात घेतली, टोक नाकाशी नेलं. "काल कापलीस ना? माझ्या जनावरांना नीळ पाजलीस, आता आम्हाला पाजतोस?"

"अरे, गुरुवारी मी आत उभा होतो. हनुवटीपर्यंत पाणी होतं."

"मला म्हणालास, चिंधी अडकली होती."

"तेव्हा खोटं बोललो."

"आणि आत्ता?"

लोक पुन्हा हसले, पण या वेळी हसण्यात धार होती. खरं बोलायला काय सामान लागतं ते उचापत्याकडे नव्हतंच कधी. "मी उतरतो," तो म्हणाला. "तुमच्यासमोर उभा राहतो."

"तू आत दगड ठेवून त्यावर उभा राहशील," शिंपी म्हणाला. "तुझं काय सांगावं."

"मी उतरते."

धाकटी बोलली होती. इतका वेळ ती हसली नव्हती. भावाकडे बघत होती; त्याच्या टाचांकडे, मग तोंडाकडे. काल काटा, जुळे काटे, वाकडा खड्डा, सगळं तिच्या चेहऱ्यावरून एकेक करून गेलं आणि तिथं काही उरलं नाही.

दूधवाल्यानं डोकं खाजवलं. "हिला उतरू द्या. लागवड हिची. ही उथळ म्हणाली तर मी मानीन."

"आणि खोल म्हणाले तर?" तिनं विचारलं.

"तर पाळी माझी, आणि उद्या तुझी रोपं."

ती पदर खोचून पायऱ्या उतरायला लागली. सगळे कठड्यावर वाकले. उचापत्या पण वाकला आणि त्याच क्षणी त्याच्या लक्षात आलं, की आत ती काय करते ते वरून कुणाला कळणार नाही. उंचीनं त्याच्यापेक्षा वीतभर कमी, पण पोहायला त्याच्यापेक्षा बरी. पाय उचलून तरंगत राहिली आणि म्हणाली, लागत नाही तळ, तर संपलं. नऊ घरं आनंदानं घरी जातील. दोरीची गोष्ट उचापत्याची आणखी एक गंमत म्हणून चार वर्षं सांगतील. तीही त्याच बापाची लेक होती, त्याच्याइतकीच इरसाल. लहानपणी तिनं त्याच्या दप्तरात पाल ठेवली होती आणि देवाशपथ म्हणून डोळे न मिटता नाकबूल झाली होती.

म्हण, त्याच्या मनात आलं. लागत नाही म्हण.

आणि लगेच टाचांतून कळ आली.

ती पाण्यात शिरली. तरंगत राहिली. वरून तिचं डोकं आणि पसरलेला पदर एवढंच दिसत होतं. ती गोल फिरली. पांढऱ्या पडलेल्या दोन भेगांपाशी थांबली, एकीत बोट घालून बघितलं. तिसरीला तळहात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला.  दूधवाल्याची बादली कठड्यावर खणकली, त्यानं ती धरली.

मग तिनं श्वास घेतला, एक हात वर केला आणि खाली गेली.

डोकं गेलं. हात राहिला. मनगटाच्या जरा खाली पाणी थांबलं आणि हात तिथंच राहिला, ताठ, डुगडुगलासुद्धा नाही. फोड आलेला तळहात उन्हात चकाकत होता. शिंप्यानं नकळत आकडे मोजायला घेतले, पाचावर थांबला.

ती वर आली. नाकातोंडातलं पाणी काढलं.

"टेकले पाय," ती म्हणाली. विहिरीनं ते दोनदा म्हटलं.

वर यायला तिला वेळ लागला. उचापत्यानं हात पुढं केला. तिनं पायरी धरली. कठड्यावर बसून तिनं केस पिळले, ते पाणी दगडावरून ओघळून वाळायला लागलं, आणि सगळे त्या ओघळाकडे बघत राहिले.

"खड्डे बुजवायला माझी माणसं पाठवतो," दूधवाला म्हणाला. त्याचा आवाज जरा खालीच होता.

"नको. बुजवू नका. पाऊस आला तर साचेल त्यात, मुरेल. कुणाच्या तरी भेगेत जाईल."

"आणि रोपं?"

"गाडी सांगा. ज्याच्याकडे पाणी आहे त्याच्याकडे जातील."

"बारा-पंधरा ठेव की," शिंपी म्हणाला. "आम्ही एकेक लावू मोरीच्या पाण्यावर."

तिनं त्याच्याकडे बघितलं. "साबणाचं पाणी लिंबाला घालणार?"

 मग दूधवाला पंपाच्या खोपटात गेला. आत खटखट झालं. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या मुठीत तिन्ही फ्यूज होते. सवयीनं तो उचापत्याकडे निघाला, मध्येच वळला आणि धाकटीच्या ओल्या तळहातावर ते ठेवले. फोडावर लागलं असणार. तिनं मूठ मिटली.

"माझ्या गाई—" तो म्हणाला.

"आधी माणसं. उरलं तर गाई. तळ्यावर न्यायच्या, चालून येतील, पाय आहेत त्यांना."

"तळं दीड कोस आहे."

"मी गेले आहे तिथं धुणं घेऊन. दीड कोसच आहे."

दूधवाल्यानं बादली उचलली, रिकामीच. धाकटी उभी राहिली. अंगावरून पाणी निथळत होतं, पण आवाज कोरडा होता.

"उद्या सकाळपासून सहा ते साडेसहा पंप. घरटी चार हंडे. एका ओळीत उभं राहायचं, हंडा ठेवून घरी जायचं नाही." बायकांनी माना हलवल्या. उचापत्या दोरी गोळा करत होता. ती त्याच्याशेजारून जाताना थांबली, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

"वहिनी पहिल्या," ती म्हणाली. "आणि दादा, तू शेवटी."